खेंचरें हांकणारा खगोलवेत्ता

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत माउंट विल्सन नांवाचा सुमारें ५,७०० फूट उंच डोंगर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यावर एक वेधशाळा उभारली जात होती. तिचें पुष्कळसें सामान अरुंद पाऊलवाटेनें खेंचरांच्या पाठीवरून वर न्यावें लागे. हीं खेंचरें हांकणाऱ्यांत मिल्टन ह्यूमसन नांवाचा एक तरुण होता.

त्याचा जन्म सन १८९१ सालीं मिनेसोटा प्रांतांतील डॉज सेंटर ह्या लहान गांवीं झाला. चौदा वर्षांचा असतां ह्या डोंगराचा त्यास असा लळा लागला कीं, एका वर्षापुरती म्हणून सोडलेली शाळा त्यानें पुन्हां पाहिली नाहीं. सन १९१७ सालीं तो वेधशाळेंत झाडलोटीच्या कामावर राहिला.

त्याच वर्षीं तेथील १०० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण सुरू झाली. तिच्याएवढी मोठी दुर्बीण तेव्हां जगांत दुसरी नव्हती. ह्यूमसन रात्रीं शास्त्रज्ञांच्या हाताखालीं मदत करूं लागले व पाहून पाहून आकाशाचे फोटो घेण्यांत निष्णात झाले. तेव्हां वेधशाळेचे संस्थापक जॉर्ज एलरी हेल यांनीं, पदवी नसल्याची हरकत बाजूस सारून, त्यांस शास्त्रज्ञांच्या मंडळांत घेतलें.

आपल्या आकाशगंगेबाहेरील तारकासमूहांचा प्रकाश फार क्षीण असतो. त्याचा वर्णपट फोटोच्या एका कांचेवर उमटविण्यास कित्येक रात्री लागत. घुमट उघडा असे व आंत शेगडी पेटवितां येत नसे, कारण उष्ण हवेनें प्रतिमा हालते. अशा थंडींत ह्यूमसन तासचे तास दुर्बिणीस डोळा लावून बसत. एका समूहासाठीं त्यांनीं तीस तासांहून अधिक काळ प्रकाश गोळा केला. वर्णपटांतील रेषा तांबड्या बाजूस सरकल्या होत्या. त्यावरून तो समूह दर सेकंदास सुमारें ३,८०० किलोमीटर वेगानें दूर जात आहे, असें त्यांनीं सन १९२९ सालीं दाखविलें. जो समूह जितका लांब, तितका त्याचा वेग अधिक, हा एडविन हबल यांचा सिद्धांत अशा मापनांनींच बळकट झाला. विश्व विस्तार पावत आहे, हें जगास त्यावरून कळलें.

सन १९५० सालीं स्वीडनमधील लुंड विद्यापीठानें त्यांस सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. सन १९५७ सालीं ते निवृत्त झाले, तरी सन १९६१ सालीं त्यांनीं एक धूमकेतु शोधून काढला. सन १९७२ सालीं त्यांचें देहावसान झालें.

वाचकहो, शाळा सुटली तरी शिकणें सुटलेंच पाहिजे असें नाहीं. हातीं आलेलें हलकें कामही मन लावून करणारास पुढची वाट सांपडते, हें ह्या चरित्रावरून दिसून येतें.