कागदाविना गेले, कागदापाशी अडले : डॉ. पांडुरंग खानखोजे

भद्रावतीहून वरोरा मागे टाकून नागपूरच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात वर्धा जिल्ह्याची हद्द लागते. या शेजारच्या वर्धा गावी १८८० च्या दशकात पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील अर्जनवीस होते. ज्यांना लिहिता येत नसे अशा लोकांचे अर्ज सरकारदरबारी लिहून देणे हा त्यांचा व्यवसाय. एका कागदासाठी माणसाला किती दारे ठोठवावी लागतात, हे या घराने रोज पाहिले असणार. त्याच घरातील मुलाचे अवघे आयुष्य पुढे अशाच एका कागदाभोवती फिरावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. आपल्या धर्मप्रांतातील अनेक तरुण-तरुणी आज परदेशाची वाट धरीत आहेत. त्या निमित्ताने या चरित्राची ओळख आम्ही वाचकांना करून देत आहोत.

शालेय शिक्षण वर्धा व नागपूर येथे झाले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या या तरुणाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडला. त्या काळी परदेशी जाण्यास पासपोर्ट सर्वत्र सक्तीचा नव्हता. बोटीचे भाडे आणि मनाची तयारी असली की माणूस समुद्र ओलांडू शकत असे. खानखोजे जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. मोलमजुरी करीत त्यांनी कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस लष्करी विद्यालयात शिक्षण घेतले आणि पुढे ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांत कृषिशास्त्राचा अभ्यास केला. सैनिकी शिक्षण देशाच्या मुक्तीसाठी आणि शेतीचे शिक्षण देशाच्या पोटासाठी, असा त्यांचा दुहेरी मार्ग ठरला.

पोर्टलंड येथे पंडित काशीराम यांच्यासोबत त्यांनी हिंदी मजुरांचे संघटन केले. १९१३ साली सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदींच्या पुढाकाराने गदर चळवळ उभी राहिली. तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत खानखोजे होते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर ते इराणकडे गेले आणि तेथील टोळ्यांसोबत इंग्रजी फौजांविरुद्ध लढले. ते पकडले गेले आणि निसटलेही.

याच वर्षांत जगाच्या सीमांवर मोठा बदल घडत होता. युद्धाच्या धास्तीने एकेका देशाने प्रवाशांकडे ओळखपत्र मागण्यास सुरुवात केली. युद्ध संपले, तरी ही पद्धत कायम राहिली. हिंदुस्थानात १९२० साली प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा झाला. ज्या दारातून तरुण पांडुरंग सहज बाहेर पडले होते, त्या दारावर आता पहारेकरी बसला होता.

परदेशातील हिंदी माणसाची अडचण याहूनही अवघड होती. कायद्याने तो ब्रिटिश प्रजाजन. अडचण आली तर त्याने ब्रिटिश वकिलातीकडे जायचे. पण क्रांतिकारकांसाठी ती वकिलात म्हणजे पाळत ठेवणारा डोळा होता. वाणिज्य दूताचे काम आपल्या माणसाला परमुलखात आधार देण्याचे. खानखोजे यांना असा आधार देणारे कार्यालय जगाच्या पाठीवर कोठेही नव्हते, कारण त्यांचा देशच अजून स्वतंत्र नव्हता.

युद्धानंतर ते जर्मनीत होते. १९२१ च्या सुमारास हिंदी क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोलाही जाऊन आले. शेवटी १९२४ साली त्यांना मेक्सिकोने जवळ केले. मेक्सिकोच्या क्रांतीतील जुन्या ओळखी येथे कामी आल्या. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका, गहू आणि कडधान्यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले. मक्याचा त्याच्या रानटी भाऊबंदाशी, तेओसिंतेशी, संकर करण्याचे त्यांचे प्रयोग गाजले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषी शाळा उभारल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगविलेल्या एका चित्रात खानखोजे मेजाभोवती जमलेल्या माणसांना भाकर वाटताना दिसतात. वर्ध्याच्या अर्जनविसाच्या मुलाला परक्या देशाने अन्नदात्याच्या आसनावर बसविले. १९३६ मध्ये त्यांनी बेल्जियन वंशाच्या जीन सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी तारुण्य वेचले ते घडले होते. साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या खानखोजे यांनी मायदेशी येण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला आणि तो नामंजूर झाला! इंग्रज सरकारने त्यांच्यावर घातलेली प्रवेशबंदी कागदोपत्री तशीच होती. राज्य गेले, ध्वज बदलला, पण कचेरीतील यादी बदलली नव्हती. ज्या राजवटीविरुद्ध लढल्याबद्दल बंदी आली, ती राजवट संपल्यावरही बंदी त्यांच्या आड आली. पुढे हा निर्णय फिरविण्यात आला आणि खानखोजे कुटुंबासह भारतात परतले. नागपूर येथे त्यांनी अखेरचा काळ घालविला. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगो येथे लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

आजच्या तरुणांची स्थिती सुदैवाने वेगळी आहे. त्यांच्या पाठीशी स्वतःच्या देशाचा पासपोर्ट आहे आणि परदेशात आपले दूतावास आहेत. अडचणीत सापडलेल्यांची तक्रार घेण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘मदद’ ही ऑनलाइन सोय सुरू केली. कागदपत्रांचा मार्गही आखून दिलेला आहे. १९६१ च्या हेग कराराने सदस्य देशांसाठी अपॉस्टिल हा एकच शिक्का ठरविला. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे आणि मेक्सिकोही त्याचा सदस्य आहे. शैक्षणिक प्रमाणपत्र वा जन्मदाखला आधी राज्य शासनाच्या नियुक्त विभागाकडून पडताळून घ्यावा लागतो. मग तो ठरवून दिलेल्या सेवा केंद्रामार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. कुवेत, कतार यांसारखे देश या करारात नाहीत. तेथे जाणाऱ्यांना मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचेही साक्षांकन घ्यावे लागते.

अपॉस्टिल केवळ सही आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही देते. आतील मजकुराची जबाबदारी मूळ दाखला देणाऱ्याची असते. म्हणून शाळेचा दाखला, जन्मनोंद आणि पासपोर्ट यांवरील नाव, आडनाव व जन्मतारीख एकसारखी आहे ना, हे निघण्याच्या कितीतरी आधी तपासावे. एका अक्षराचा फरकही महिनोन्महिने अडवून ठेवतो. मूळ कागद कोणत्याही मध्यस्थाच्या ताब्यात दीर्घकाळ ठेवू नयेत आणि प्रती घरी जपून ठेवाव्यात.

जे टेबलाच्या पलीकडे बसतात त्यांनाही हे चरित्र काही सांगते. ग्रामपंचायत असो, शाळा असो वा आमच्या धर्मग्रामाची कचेरी, जुनी चुकीची नोंद दुरुस्त करण्याचे काम कोणीतरी हाती घ्यावे लागते. ती आपोआप दुरुस्त होत नाही. खानखोजे यांच्या नावासमोरील रेघ वेळीच पुसली गेली असती, तर एका म्हाताऱ्या देशभक्ताला स्वतःच्या घराचे दार ठोठावत थांबावे लागले नसते.