दोनशे मैल बर्फावरून : एदुआर फाब्र

१९३० मध्ये कॅनडातील क्वेबेक शहरापासून माँट्रियलपर्यंत सुमारे २०० मैलांची एक अनोखी शर्यत झाली. मार्ग बर्फाने झाकलेला होता आणि धावपटूंच्या पायांत साधे बूट नव्हे, तर बर्फावर चालण्यासाठी बांधले जाणारे 'स्नोशू' होते. ही शर्यत जिंकणाऱ्या धावपटूची एकूण वेळ होती ३४ तास ४६ मिनिटे २४ सेकंद. मैलाला सरासरी साडेदहा मिनिटांहूनही कमी. ज्या वयात बहुतेक धावपटू मैदानाचा निरोप घेतात, त्या चाळिशीच्या मध्यावर हा पराक्रम करणारे हे गृहस्थ म्हणजे एदुआर फाब्र. पंधरा वर्षांपूर्वी, १९१५ मध्ये, त्यांनी बोस्टन मॅरेथॉनही जिंकली होती. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे परिचित नसले तरी कॅनडाच्या क्रीडा इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे.

फाब्र यांची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी स्नोशू म्हणजे काय हे पाहावे लागेल. अॅश वृक्षाची लवचिक पट्टी वाफेवर वाकवून तिची लांबट चौकट बनवायची आणि त्या चौकटीत हरणाच्या किंवा तत्सम प्राण्याच्या कच्च्या कातड्याची वादी जाळीसारखी विणायची, ही त्याची पारंपरिक रचना. माणसाचे वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले जाते आणि पाय भुसभुशीत बर्फात रुतत नाही. दिसायला ही वस्तू खेळाच्या रॅकेटसारखी असल्याने फ्रेंच भाषेत तिला 'रॅकेत' असेच नाव पडले आणि ती घालून चालणाऱ्यांना 'रॅकेतर' म्हटले जाऊ लागले. पायाची बोटे पट्ट्याने बांधलेली असतात, टाच मात्र मोकळी असते. प्रत्येक पावलाला पुढचे टोक उचलायचे आणि मागची शेपटी बर्फावरून सरकू द्यायची. दोन चौकटी एकमेकींवर आदळू नयेत म्हणून पावले रुंद टाकावी लागतात. याने घोट्यावर आणि पोटऱ्यांच्या स्नायूंवर इतका ताण येतो, की फ्रेंच भाषकांनी त्या वेदनेला 'रॅकेतचे दुखणे' असे खास नावच दिले होते. असे जोडे बांधून चालणेही नवख्याला दमवते. धावणे ही तर दीर्घ सरावाचीच गोष्ट.

हे साधन उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे. शिकार आणि प्रवास यांसाठी ते शतकानुशतके वापरात होते. युरोपातून आलेल्या फर व्यापाऱ्यांनी आणि सैनिकांनी ते त्यांच्याकडून घेतले. त्याचा खेळ मात्र झाला तो माँट्रियल शहरात. १८४० च्या सुमारास तेथील काही हौशी मंडळी सुटीच्या दिवशी स्नोशू बांधून एकत्र भटकंतीला जाऊ लागली आणि त्यातूनच 'माँट्रियल स्नोशू क्लब' आकाराला आला. निळ्या लोकरी टोप्या आणि घोंगडीच्या कापडाचे जाड कोट हा सभासदांचा पोशाख ठरला. रात्री मशाली पेटवून माउंट रॉयल ही टेकडी ओलांडायची आणि पलीकडे भोजन, गाणी यांचा आनंद लुटायचा, असा त्यांचा रिवाज होता. त्याच्या जोडीला वार्षिक शर्यती सुरू झाल्या. शंभर यार्डांपासून काही मैलांपर्यंतची अंतरे, अडथळ्यांची शर्यत, वेळ नोंदणारे पंच, जोड्यांच्या मापाचे नियम अशी सगळी व्यवस्था क्लबांनी उभी केली.

या व्यवस्थेला एक काळी बाजूही होती. ज्यांच्याकडून हे साधन आले, त्या मूळ रहिवाशांना क्लबच्या सभासदांबरोबर बरोबरीने धावता येत नसे. त्यांच्यासाठी वेगळ्या शर्यती ठेवल्या जात आणि त्यांत रोख बक्षिसे असत. पैसे घेऊन धावणारा तो व्यावसायिक, असे म्हणून त्यांना हौशी खेळाडूंच्या पंगतीत बसू दिले जात नसे. १८७३ मध्ये माँट्रियलच्याच एका संस्थेने हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिने मजूर आणि मूळ रहिवासी या दोघांनाही स्पष्ट शब्दांत वगळले होते. खेळ मोकळ्या बर्फावरचा असला तरी त्याचे दरवाजे असे बंद होते.

या पार्श्वभूमीवर २१ ऑगस्ट १८८५ रोजी माँट्रियल बेटाच्या पश्चिमेकडील सेंत-जेनेव्हिएव्ह येथे एदुआर फाब्र यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा मुलगा पळून गेला आणि सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावरील काहनावाके या मोहॉक वस्तीतील एका कुटुंबाने त्याला आसरा दिला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. काहनावाके हे गाव स्नोशूवर धावणाऱ्या जवानांसाठी माँट्रियलमध्ये आधीपासूनच प्रसिद्ध होते. शहरातील क्लबांच्या वेगळ्या शर्यतींत या गावचे धावपटू चमकत असत. फाब्र यांच्या धावण्याचे नाते या मातीशी जोडले जाते ते त्यामुळेच.

फाब्र तरुण झाले तोवर काळ थोडा बदलला होता. ओनोंडागा समाजातील टॉम लाँगबोट यांनी १९०७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकून जुन्या व्याख्यांना मोठा धक्का दिला होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकसाठी फाब्र यांची कॅनडाच्या मॅरेथॉन संघात निवड झाली. १४ जुलैच्या त्या दिवशी स्वीडनमध्ये कडक ऊन होते. ६८ धावपटूंपैकी निम्मेच अंतिम रेषेपर्यंत पोहोचले. पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. हिवाळी हवेत वाढलेल्या फाब्र यांनी अशा उन्हातही शर्यत पूर्ण केली आणि २ तास ५० मिनिटे ३६ सेकंद वेळ नोंदवत ११ वा क्रमांक मिळवला. त्यांचे संघसहकारी जेम्स डफी पाचवे आले.

या दोघांची पुन्हा गाठ पडली ती एप्रिल १९१४ मध्ये बोस्टनला. ही शर्यत दोन कॅनेडियन धावपटूंमधील द्वंद्वच ठरली. अखेर डफी विजयी झाले आणि फाब्र अवघ्या १५ सेकंदांनी मागे राहिले. त्यानंतर काही महिन्यांत युरोपात महायुद्ध पेटले आणि डफी सैन्यात दाखल झाले. १९ एप्रिल १९१५ रोजी बोस्टनची शर्यत पुन्हा भरली तेव्हा गतविजेता आघाडीवर होता, पण ती युद्धाची आघाडी होती. फाब्र यांनी २ तास ३१ मिनिटे ४१ सेकंदांत ती शर्यत जिंकली. चारच दिवसांनी, २३ एप्रिलला, बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत डफी यांना वीरमरण आले. आपला सर्वांत मोठा विजय आणि आपल्या सर्वांत जवळच्या प्रतिस्पर्ध्याचा मृत्यू, या दोन्ही गोष्टी फाब्र यांच्या आयुष्यात एकाच आठवड्यात घडल्या. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानिमित्त झालेली मॅरेथॉनही त्यांनी जिंकली.

क्वेबेकमधील धावपटूला रस्त्यावरच्या शर्यती उन्हाळ्यापुरत्याच. वर्षाचे कितीतरी महिने रस्ते बर्फाखाली असतात. ती उणीव स्नोशूच्या शर्यतींनी भरून काढली. जुने इंग्रजी भाषक क्लब मागे पडू लागले तशी ही परंपरा फ्रेंच भाषकांनी आपलीशी केली. १९०७ मध्ये कॅनडातील रॅकेतर क्लबांचा महासंघ स्थापन झाला. क्वेबेकमधून कापड गिरण्यांच्या कामासाठी अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांनी हा खेळ बरोबर नेला आणि १९२५ मध्ये मेन राज्यातील लुइस्टन या गिरणगावात दोन्ही देशांच्या क्लबांचा पहिला मोठा मेळावा भरला. या मेळाव्यांत बँडपथके असत, गणवेशातील मिरवणुका असत आणि शर्यती तर असतच. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मजुरांना नियमाने बाहेर ठेवले होते, तेच आता या खेळाचे आयोजक, धावपटू आणि प्रेक्षक झाले होते.

म्हणूनच १९३० च्या त्या २०० मैलांच्या शर्यतीचे मोल केवळ वेळेच्या नोंदीपुरते नाही. क्लबांच्या वार्षिक शर्यती काही मैलांत संपत. क्वेबेक ते माँट्रियल हे अंतर मात्र शिकारी आणि व्यापारी ज्या पल्ल्यावर हे जोडे वापरत, त्या पल्ल्याचे होते. वेग जेवढा, तेवढीच चिकाटी महत्त्वाची. धाप लागू न देता पाऊल टाकत राहण्याची जी रीत काहनावाकेच्या परिसरात पिढ्यान्पिढ्या जोपासली गेली होती, तिचा कस अशाच शर्यतीत लागणार होता. वयाच्या ४४ व्या वर्षी फाब्र त्या कसोटीला उतरले.

१ जुलै १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. पुढे वर्षही उलटले नव्हते तोच क्वेबेकच्याच जेरार कोते यांनी बोस्टन मॅरेथॉन जिंकली आणि नंतर आणखी तीन वेळा त्या विजयाची पुनरावृत्ती केली. कोते हेही हिवाळ्यात स्नोशूच्या शर्यती धावणारे. फाब्र यांनी ज्या वाटेवर पावले उमटवली, ती वाट अशी त्यांच्यामागेही वाहती राहिली. १९६४ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय क्रीडा दालनात त्यांच्या नावाचा समावेश करण्यात आला.

खेळाचे नियम कोणी लिहिले, याची नोंद क्लबांच्या दफ्तरांत असते. खेळ कोणी जिवंत ठेवला, हे समजून घ्यायचे तर फाब्र यांच्यासारख्यांची आयुष्ये पाहावी लागतात. अनाथपणी परक्या घरात वाढलेल्या या माणसाने उन्हातला डांबरी रस्ता आणि हिवाळ्यातला बर्फ दोन्ही आपलेसे केले. मूळ रहिवाशांच्या कसबातून जन्मलेल्या एका खेळाला त्यांच्या धावण्यामुळे त्याचा मूळ पल्ला पुन्हा मिळाला.