कॉर्व्हेटचा मानलेला पिता

जानेवारी १९५३. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सच्या प्रदर्शनात कॉर्व्हेट ही दोन आसनी मोटार मांडली होती. बघ्यांच्या गर्दीत ४३ वर्षांचा एक इंजिनिअर होता. गाडीच्या रूपावर तो भाळला. बॉनेटखाली मात्र सगळा निरुत्साह! सहा सिलिंडरचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याला जोडलेला दोनच गिअरचा स्वयंचलित 'पॉवरग्लाइड'.

झोरा आर्कस-डंटॉव्ह हे त्याचे नाव. जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी ब्रुसेल्सला, रशियन ज्यू कुटुंबात. आईने घटस्फोटानंतर दुसरा सोबती केला, तरी वडील त्याच घरात राहिले. मुलांनी दोघांचीही आडनावे लावली. बर्लिनला तो इंजिनिअर झाला. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा पत्नी एल्फीसह तेथून निसटून त्याने अमेरिका गाठली.

१ मे १९५३ रोजी तो जनरल मोटर्समध्ये रुजू झाला. १९५५ मध्ये अवघ्या ७०० कॉर्व्हेट तयार झाल्या. गाडी बंद पडण्याच्याच बेतात होती. एड कोलच्या नव्या व्ही-८ इंजिनाने तिला जीवदान दिले आणि त्या इंजिनाची खरी ताकद बाहेर काढली ती झोराने. त्याने आखलेल्या कॅमशाफ्टमुळे इंजिन वरच्या फेऱ्यांवर विलक्षण जोर धरी. जानेवारी १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर त्याने स्वतः ताशी १५० मैलांचा वेग गाठला. मात्र कमी फेऱ्यांवर हेच इंजिन अडखळे; दोन गिअरच्या पॉवरग्लाइडशी त्याची पत्रिका जुळेना. म्हणून १९५७ मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या २५० अश्वशक्तीच्या इंजिनाबरोबर पॉवरग्लाइड मिळे. २८३ अश्वशक्तीचे हवे असेल तर गिअर हातानेच टाकावे लागत. त्याच वर्षी चार गिअरची पेटी आली आणि ह्या इंजिनाला तोलामोलाचा जोडीदार लाभला. १९६७ च्या 'एल-८८' इंजिनाबरोबर तर शर्यतीची चार गिअरची पेटी सक्तीची होती, रेडिओ-हीटर मुळीच नाही. त्या वर्षी अशा २० गाड्या बनल्या!

गाडीची मूळ कल्पना त्याची नव्हे, त्यामुळे 'कॉर्व्हेटचा जनक' ही उपाधी काटेकोरपणे खरी नाही. पण जन्मदात्यांनी जवळजवळ टाकलेले पोर त्याने वाढवले, हे नाकारता येत नाही.

इंजिन आसनांच्या मागे असावे, हा त्याचा ध्यास. त्याने नमुने केले; कंपनीने दरवेळी नकार दिला. १९७५ मध्ये तो निवृत्त झाला. २१ एप्रिल १९९६ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहेत. २०२० च्या मॉडेलात इंजिन अखेर मागे आले. त्या गाडीला क्लचचे पेडल मात्र नव्हते.