डॉ. पंजाबराव देशमुख आणि आपले बागायतदार

विद्येने मनुष्य मोठा होतो हे खरे. परंतु आपली विद्या ज्याने गावच्या बांधापर्यंत नेऊन पोहोचविली, त्याचे मोठेपण निराळेच. आपल्या वऱ्हाडात अशा पुरुषाचे नाव घ्यावयाचे झाल्यास डॉ. पंजाबराव देशमुख यांचेच नाव प्रथम ओठांवर येते. सर्व वऱ्हाड त्यांना भाऊसाहेब म्हणून ओळखते. आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे शेतीवर, आणि त्यांतील पुष्कळशी फळबागेवर, अवलंबून आहेत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत भाऊसाहेबांचे चरित्र फळबागायतदाराच्या दृष्टीने सांगण्याचे योजिले आहे.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ ह्या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव शामराव व मातोश्रींचे राधाबाई. प्राथमिक शिक्षण गावी झाल्यावर पुढे अमरावतीस आणि नंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्ययन केले. १९२० साली ते विलायतेस गेले. एडिंबरो येथे एम. ए., ऑक्सफर्ड येथे डॉक्टरेट आणि शिवाय बॅरिस्टरी, अशा पदव्या संपादन करून १९२६ साली ते स्वदेशी परतले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. शेतकऱ्याच्या मुलाने वेदविद्येवर ऑक्सफर्डास प्रबंध लिहावा, ही गोष्ट त्या काळी किती अपूर्व होती, याची कल्पना आज सहसा येणार नाही.

इतकी विद्या गाठीस असता त्यांनी केवळ वकिली केली असती, तरी घरी लक्ष्मी पाणी भरती. परंतु परतताच त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र ठेवली. १९२७ साली अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य बांधवांस खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते पुढे होते. त्याच वर्षी विमलाबाईंशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. ह्याच विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्या झाल्या. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद येताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस मोकळ्या केल्या, आणि लोकांचा रोष पत्करून सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढविला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ह्या गोष्टी वगळून त्यांचे चरित्र लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपण त्यांना आपले म्हणतो, तेव्हा त्यांनी जातीच्या कुंपणापलीकडे केलेले कार्यही आपलेच मानावयास हवे.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले, आणि शिक्षण, शेती व सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. सावकारी पाशात सापडलेल्या कुणब्याची जमीन वाचावी म्हणून कर्जलवादाच्या कायद्यासाठी त्यांनी खटपट केली. तो कायदा १९३३ साली झाला. याच काळात अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला गेला. तिच्या शाळा-महाविद्यालयांचा विस्तार पुढे साऱ्या वऱ्हाडात झाला. आपल्या चिखलीचे श्री शिवाजी महाविद्यालयही त्याच वृक्षाची शाखा होय. अमरावतीस ह्या संस्थेने कृषिमहाविद्यालय काढले, आणि कालांतराने उद्यानविद्येचेही महाविद्यालय तेथे उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतर भाऊसाहेब घटनासमितीत होते. १९५२ पासून तीन वेळा अमरावतीने त्यांना लोकसभेवर पाठविले, आणि १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्र सरकारात शेतीखात्याचे मंत्रिपद त्यांच्याकडे होते. देशात तेव्हा धान्याचा तुटवडा होता. भातलागवडीची जपानी पद्धत शेतकऱ्यांनी उचलावी म्हणून १९५३ पासून मोठी मोहीम चालविण्यात आली. १९५२ साली सामूहिक विकास योजना व १९५३ साली राष्ट्रीय विस्तारसेवा सुरू होऊन ग्रामसेवक खेडोपाडी जाऊ लागला. परंतु सरकारी माणसाने सांगावे आणि शेतकऱ्याने मान डोलवावी, एवढ्याने काम भागत नाही. शेतकऱ्यासही विचारता आले पाहिजे, आणि एकट्याच्या विचारण्यास वजन नसते. ही उणीव ओळखून भाऊसाहेबांनी १९५५ साली भारत कृषक समाजाची स्थापना केली. ह्या संघटनेच्या वतीने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले, आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हेही आले होते. परदेशांतील शेतीची अवजारे व रीती ह्या देशातील साध्या शेतकऱ्यास तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाल्या.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीस भाऊसाहेबांचे निधन झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषिविद्यापीठ स्थापन झाले, आणि त्यास त्यांचे नाव देण्यात आले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्याची तीन कामे. पैकी विस्तार म्हणजे संशोधकाने जे शोधले ते शेतकऱ्याच्या वावरात नेऊन लावणे.

फळबागायतदारास ह्या तिसऱ्या कामाची गरज सर्वांत अधिक असते. ज्वारी बुडाली तर एक हंगाम जातो. संत्र्याची बाग बसली तर पंधरा-वीस वर्षांची मेहनत जाते. घाटाखाली संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा आहेत; घाटावर डाळिंब व सीताफळ आहे. संत्र्याचे शास्त्र म्हणजे वेळेचे शास्त्र. आंबिया बहार घ्यावयाचा तर डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून झाडास ताण द्यावा लागतो, आणि जानेवारीत खत देऊन पाणी सोडावे लागते. मृग बहारास ताण उन्हाळ्यात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. म्हणून शेजाऱ्याचे पाहून पाणी तोडणे घातक. मध्येच वळवाचा पाऊस आला तर ताण मोडतो आणि मृगाची फूट फसते. अशा वेळी काय करावे हे त्याच आठवड्यात कळले तर उपयोग. महिन्याने कळले तर तो केवळ उपदेश.

डिंक्या रोगाचेही तसेच. बुंध्याशी पाणी साचले की मुळ्या व साल कुजू लागते. बुंध्यास पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बुंध्यास मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे, आणि भारी जमिनीत चर काढून पाण्याचा निचरा करावा, हे उपाय स्वस्त आहेत व जुनेही आहेत. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, एवढीच त्या मलमाची सामग्री. आणखी एक गोष्ट लागवडीपूर्वीचीच आहे. आपल्याकडे पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. माती व पाणी तपासल्यावाचून, केवळ नातेवाइकाची बाग चांगली दिसली म्हणून, कलमे आणून लावणे म्हणजे पैसा खारात घालणे होय. खारे पाणी आणि चुनखडीची जमीन संत्र्यास मानवत नाही.

ही माहिती गुप्त नाही. जिल्ह्यात बुलढाण्यास व जळगाव जामोदास कृषिविज्ञान केंद्रे आहेत. विद्यापीठाची कृषिसंवादिनी निघते, अकोल्यास शिवारफेरी होते, आणि भाऊसाहेबांच्या जयंतीच्या सुमारास तेथे कृषिप्रदर्शन भरविण्याचा प्रघात आहे. तरीही गावोगाव बागा वाळताना दिसतात. सल्ला देणारे थोडे आणि गावे पुष्कळ, ही अडचण खरी आहे. परंतु औषधे विकणाऱ्या दुकानदारालाच आपण वैद्य मानतो, हाही आपलाच दोष. फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याशी बागेचा सौदा होतो, आणि तेथेही शेतकरी एकटाच असतो.

समाजबांधवहो, दरवर्षी आपण भाऊसाहेबांच्या प्रतिमेस हार घालतो. तो अवश्य घालावा. परंतु त्यांचे खरे पूजन करावयाचे असेल, तर प्रत्येक तालुक्यातील बागायतदारांनी, मग ते कोणत्याही जातीचे असोत, एक मंडळ करावे. ताण देण्यापूर्वी, पाणी सोडताना आणि पावसाळ्याच्या तोंडी, असे वर्षातून तीनदा केंद्रातील तज्ज्ञांस बोलावून एखाद्या बागेतच बैठक घ्यावी, आणि ऐकलेले लिहून ठेवावे. आपल्या संस्थेच्या वसतिगृहातील मुलांनी ते घरी वाचून दाखवावे. ज्या पुरुषाने बॅरिस्टरीची विद्या कुणब्याच्या दारी आणली, त्याचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग दिसत नाही. श्रीकृपेने आपल्या सर्वांच्या बागा फळोत, आणि भाऊसाहेबांची स्मृती त्या फळांतून टिकून राहो.