सेंडा बेरेन्सन

मुली बास्केटबॉल खेळतांना पाहून आज कोणासही नवल वाटत नाहीं. परंतु हा खेळ स्त्रियांच्या कॉलेजांत प्रथम कोणीं आणिला व त्यास कोणतें वळण लाविलें, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या सेंडा बेरेन्सन बाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

सेंडाबाईंचा जन्म १८६८ सालीं, त्या वेळीं रशियन साम्राज्यांत मोडणाऱ्या लिथुआनियांत, एका यहुदी कुटुंबांत झाला. त्या सात वर्षांच्या असतां हें कुटुंब अमेरिकेंत बोस्टन शहरीं येऊन राहिलें. त्यांची प्रकृति लहानपणापासून नाजूक. संगीताची आवड असूनही पाठीच्या दुखण्यामुळें तो अभ्यास सोडावा लागला. १८९० सालीं त्या बोस्टन येथील व्यायामशिक्षकांच्या शाळेंत दाखल झाल्या. तेथें हळूहळू शरीर सुधारलें, आणि जिला व्यायाम झेपत नव्हता तीच १८९२ च्या आरंभीं नॉर्दम्टन येथील स्मिथ कॉलेज ह्या स्त्रियांच्या कॉलेजांत व्यायामशिक्षिका झाली.

नुकताच, १८९१ च्या डिसेंबरांत, जवळच्या स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ ह्यांनीं तरुण पुरुषांसाठीं बास्केटबॉल शोधून काढिला होता. त्याविषयींचा लेख वाचून सेंडाबाईंनीं तो आपल्या विद्यार्थिनींस शिकविला. मार्च १८९३ मध्यें पहिल्या व दुसऱ्या वर्षांच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांस आंत येण्यास मज्जाव होता. आरंभींच एका मुलीचा खांदा निखळला. तरी तो जाग्यावर बसवून सामना पुरा करण्यांत आला.

एकदोन चपळ मुली चेंडू बळकावतात व बाकीच्या नुसत्या उभ्या राहतात, हा धोका बाईंनीं ओळखला. म्हणून त्यांनीं मैदानाचे तीन भाग पाडिले व आपला भाग सोडून जाण्यास मनाई केली. चेंडू तीन सेकंदांपेक्षां अधिक वेळ धरावयाचा नाहीं, तीनदांपेक्षां अधिक आपटावयाचा नाहीं, दुसरीच्या हातांतून हिसकावयाचा नाहीं, असे नियम केले. त्यामुळें टोपलीपर्यंत पोंचण्यास चेंडूला अनेक हातांतून जावेंच लागे. १८९९ पासून हे नियम छापून अनेक कॉलेजांत पसरले, व १९०५ ते १९१७ पर्यंत नियमसमितीचें अध्यक्षपद बाईंकडेच होतें.

ह्या पद्धतींत एक उणीवही होती. टोपलींत चेंडू टाकण्याची संधि सामान्यतः पुढच्या भागांतील मुलींसच मिळे. ती पुढें दूर झाली. १९७१ पासून अमेरिकेंतील कॉलेजांच्या मुली पांच-पांच जणींच्या संघांनीं सबंध मैदानभर खेळूं लागल्या. रेषा पुसल्या गेल्या. पण बाईंचें तत्त्व अधिकच खरें ठरलें. एकटीच गुण मिळविणारी असेल, तर प्रतिपक्ष दोघीतिघींनीं तिला वेढून सबंध संघच पंगु करितो. पांचही जणी गुण मिळवूं शकत असल्या, तर एकीला अडवितांच दुसरी मोकळी होते, आणि एखादीचा हात चुकला तरी संघ खचत नाहीं.

१९११ सालीं सेंडाबाईंनीं स्मिथ कॉलेजांतील इंग्रजीचे प्राध्यापक हर्बर्ट ॲबट ह्यांच्याशीं विवाह केला. १९५४ सालीं कॅलिफोर्नियांत त्यांचें देहावसान झालें. १९८५ सालीं बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत ज्या पहिल्या स्त्रियांस स्थान मिळालें, त्यांत त्यांचें नांव होतें.

पूर्वीं रेषा आंखून चेंडू सोडावयास लावावें लागे. आज रेषा नाहीं, म्हणून तो मनानें सोडावा लागतो. आमच्या विद्यार्थिनी मैदानावर उतरतील, तेव्हां शेजारची मोकळी मुलगी त्यांच्या दृष्टीस पडो, एवढेंच आमचें मागणें आहे.