महर्षि कर्वे आणि वयाचा दाखला

आपल्या घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. कोवळ्या वयांत प्रौढ बुद्धि असूं शकते, हें या भूमीस कोणीं नव्यानें सांगावयास नको. तरीहि एखाद्या हुशार मुलाचे आईबाप मुख्याध्यापकांकडे येऊन, आमच्या मुलाचा या इयत्तेचा अभ्यास केव्हांच संपला आहे, त्याची परीक्षा घ्या व त्यास वरच्या इयत्तेंत बसवा, अशी विनंती करतात, तेव्हां प्रथम पाहिली जाते ती त्याची जन्मतारीख. मुलाच्या ज्ञानाची पाहणी मागाहून होते; पुष्कळदां ती होतच नाहीं. या प्रश्नाचा विचार करतांना महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रांतील एक प्रसंग आम्हांस फार बोधप्रद वाटतो. म्हणून तें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं कोंकणांत शेरवली येथें झाला. त्यांचें बालपण दापोली तालुक्यांतील मुरूड गांवीं गेलें. घरची स्थिति गरिबीची. परंतु अभ्यासाची गोडी मोठी. गांवच्या मराठी शाळेंत सोमण गुरुजींच्या हाताखालीं ते शिकले. त्या काळीं मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा म्हणजे नोकरीचें प्रवेशद्वारच होतें. तीस बसण्यास वयाचीं सतरा वर्षें पूर्ण झालेलीं असावीं लागत.

१८७५ सालीं धोंडोपंतांनीं या परीक्षेस बसण्याचें ठरविलें. समुद्रमार्गानें मुंबईस जाण्याचा बेत हवामानामुळें फसला. मग त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं साताऱ्याची वाट धरली. शंभराहून अधिक मैलांचें अंतर, मध्यें कुंभार्लीचा घाट आणि हातीं मोजके दिवस! रात्रंदिवस पायपीट करून तीं मुलें वेळेवर साताऱ्यास पोहोंचलीं. परंतु परीक्षकांसमोर उभें राहतांच धोंडोपंतांच्या लहानखुऱ्या अंगकाठीकडे पाहून हा सतरा वर्षांचा नव्हे असा त्यांचा ग्रह झाला. वयाचा दाखला पुढें केला, तोहि व्यर्थ गेला. एकाहि विषयांत प्रश्न न विचारतां त्यांस परत पाठविण्यांत आलें.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. परीक्षकांचा हेतु दुष्ट नव्हता. ज्या परीक्षेनंतर नोकरी मिळावयाची, तीस वयाची मर्यादा असणें हेंहि समजण्याजोगें आहे. परंतु त्या मुलास काय येतें, हा प्रश्न कोणींच विचारला नाहीं. त्याचें वय कागदावर पुरें होतें, विद्याहि पुरी होती. अपुरी होती ती केवळ उंची. डोळ्यांस जें दिसलें तेंच खरें मानलें गेलें.

धोंडोपंत खचले नाहींत. पुढील वर्षीं कोल्हापुरास जाऊन ते त्याच परीक्षेंत उत्तीर्ण झाले. त्यानंतर त्यांनीं इंग्रजीचा अभ्यास आरंभिला. त्यांत प्रकृतीच्या व पैशाच्या अडचणी आल्या. शेवटीं मुंबईच्या रॉबर्ट मनी या मिशन शाळेंतून १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ते मॅट्रिक झाले. एकदां वय कमी म्हणून अडविलेला हा विद्यार्थी आतां आपल्याहून कितीतरी लहान मुलांबरोबर बसत होता! १८८४ सालीं गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले.

अडविलें जाणें म्हणजे काय, हें ज्यानें भोगलें त्यानें पुढें इतरांच्या वाटा मोकळ्या केल्या. आपला नातलग रघुनाथ परांजपे याची असामान्य बुद्धि ओळखून अण्णासाहेबांनीं त्यास शिक्षणासाठीं मुंबईस आणलें. हाच रघुनाथ १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनियर रँग्लर झाला व पुढें फर्ग्युसन कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. १८९३ सालीं अण्णासाहेबांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला व त्यापायीं मुरूडकरांचा बहिष्कार सोसला. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढें हिंगण्यास गेला. तेथें येणाऱ्या स्त्रियांचें वय शाळेच्या कोणत्याहि इयत्तेशीं जुळणारें नव्हतें. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीं पंचविशी उलटल्यावर अभ्यास हातीं घेतला, आणि त्याच पुढें आश्रमासाठीं निधि जमविण्यास अमेरिकेपर्यंत गेल्या. १९१६ सालीं अण्णासाहेबांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं ते निवर्तले.

या चरित्रापासून शाळांनीं व पालकांनीं काय घ्यावें? वयाचा नियम मोडून काढावा, असें आमचें म्हणणें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेबाहेर राहिलेल्या मुलास त्याच्या वयास साजेशा वर्गांत घेण्याची सोय केली. ती मागें पडलेल्यांच्या हिताचीच आहे. शिवाय प्रत्येक चलाख मूल वरच्या वर्गांत सुखी होतेंच असें नाहीं. पाठांतर म्हणजे समज नव्हे, आणि मोठ्या मुलांत एकटें पडणें हेंहि दुःखच आहे. परंतु पालक विनंती घेऊन आले, तर त्यांस दारावरूनच परत पाठवूं नये. मुलाची सर्व विषयांत नीट परीक्षा घ्यावी. त्याच्या शिक्षकांचें मत घ्यावें. त्याची स्वतःची इच्छा विचारावी. कांहीं महिने वरच्या वर्गांत बसवून पाहावें, आणि न जमल्यास अपमान न होतां परत येण्याची वाट ठेवावी. पालकांनींहि शेजाऱ्यांपुढें मिरविण्यासाठीं ही मागणी करूं नये. मुलाची भूक पाहून करावी.

साताऱ्यास त्या दिवशीं दोन प्रश्न विचारून पाहिले असते, तर एका विद्यार्थ्याचें वर्ष वांचलें असतें. अण्णासाहेबांचा निश्चय दांडगा, म्हणून ते पुन्हां परीक्षेस गेले. सर्वच मुलांच्या अंगीं तेवढें बळ नसतें. तीं मुकाट्यानें घरीं परततात, आणि त्यांचें चरित्र कोणी लिहीत नाहीं.