आमच्या स्लायगोचे जॅक येट्स

जुने सचित्र अंक जमवण्याचा छंद मला मिरजेला एम.बी.बी.एस. करताना लागला. रद्दीच्या दुकानात ‘दीपावली’चे अंक मिळत. आतला मजकूर नंतर, आधी दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ! पुढे नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये स्लायगोला आलो आणि इथे त्याच जातकुळीच्या एका चित्रकाराची ओळख झाली. त्यांचे नाव जॅक बटलर येट्स.

‘गीतांजली’च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिणारे कवी विल्यम येट्स आपल्याला ठाऊक असतात. जॅक हे त्यांचे धाकटे भाऊ. जन्म २९ ऑगस्ट १८७१, लंडनचा. वडील चित्रकार, पण घरात पैशांची कायम ओढाताण. त्यामुळे जॅक वयाच्या आठव्या वर्षापासून स्लायगोला आजोळीच वाढले. आजोबांचा जहाजांचा व्यवसाय होता. बंदरावरचे खलाशी, घोड्यांच्या शर्यती, जत्रा, सर्कस हे सारे त्यांनी लहानपणी डोळे भरून पाहिले आणि जन्मभर तेच चितारले.

विशीच्या आतच ते लंडनच्या साप्ताहिकांसाठी चित्रे काढून कमावू लागले. शेरलॉक होम्सची थट्टा करणारी त्यांची ‘चबलॉक होम्स’ ही चित्रमालिका त्याच सुरुवातीच्या काळातली. १९०८ ते १९१५ या सात वर्षांत त्यांनी ‘अ ब्रॉडसाइड’ या मासिक पत्रकाचे ८४ अंक चित्रांनी सजवले. बहीण एलिझाबेथ यांच्या छापखान्यात हातयंत्रावर त्याच्या अवघ्या ३०० प्रती निघत आणि तिथल्या मुली काही चित्रे हाताने रंगवत.

पुढे तैलचित्रांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तेव्हा चित्रकलेचीही स्पर्धा असे. तिथे त्यांच्या ‘द लिफी स्विम’ला रौप्यपदक मिळाले. स्वतंत्र आयर्लंडचे ते पहिले ऑलिंपिक पदक! तरीही ‘पंच’ साप्ताहिकासाठी ‘डब्ल्यू. बर्ड’ या टोपणनावाने व्यंगचित्रे काढणे त्यांनी १९४८ पर्यंत सोडले नाही. २८ मार्च १९५७ रोजी डब्लिनला त्यांचे निधन झाले.

स्लायगोने त्यांची चित्रे जपली. इथल्या ग्रंथपाल नोरा नायलंड यांनी पुढाकार घेऊन संग्रह उभा केला. आज तो ‘द मॉडेल’ या कलाकेंद्रात आहे. पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून तिथे नेतो.

तिथे गेलो की दलालांची आठवण येते. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ सुरू केला आणि १९७१ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांची चित्रे मराठी घराघरांत पोचली, पण अंकाचे आयुष्य पुढच्या दिवाळीपर्यंतच! आपल्या पिढीतील अनेकांची गावाकडची घरे आता आवरली जात आहेत. माळ्यावरचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे जाण्याआधी एकदा सोडून पाहा. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात दलालांची सही दिसली, तर तो अंक बाजूला ठेवा. मुलांना दाखवा, नाहीतर एखाद्या ग्रंथालयाला द्या.